इजिप्त सावकाश: लक्सरला मुक्काम टाकून एक हिवाळा

इजिप्तच्या बहुतेक सहली सात-आठ रात्रींत उरकतात. कैरोत दोन रात्री, बोटीवर तीन, मध्येच पहाटे तीनला उठून अबू सिंबेल, शेवटच्या दिवशी पपायरसच्या दुकानात दीड तास. चाळिशीत हे चालून जातं. साठीनंतर दुसऱ्या दिवसापासूनच देवळं एकमेकांत मिसळायला लागतात आणि घरी आल्यावर फोटोतलं कर्नाक कुठलं नि एडफू कुठलं, यावर नवरा-बायकोत वाद होतो.

निवृत्त झालात, मुलं मार्गी लागली आहेत, चालता-फिरता येतंय आणि हाताशी तीन-चार आठवडे आहेत, अशांसाठी हा लेख. माझा सल्ला सरळ आहे: कैरो आणि आस्वान आटोपशीर घ्या आणि उरलेले सगळे दिवस लक्सरला, तेही नाईलच्या पश्चिम काठावर, भाड्याच्या जागेत राहा. वर्षाचे बाराही महिने निरभ्र असणारं ते गाव आहे, पाऊस जवळजवळ नाहीच. इंग्लंड-जर्मनीचे कितीतरी पेन्शनर दर हिवाळ्यात तिथे येऊन राहतात. आपण का नाही?

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. लक्सर-आस्वानला तेव्हा दिवसा २२ ते २८ अंशांच्या आसपास छान ऊन असतं. जानेवारीतल्या रात्री मात्र ५-६ अंशांवर उतरतात आणि तिथल्या घरांना हीटर नसतो, तेव्हा स्वेटर आणि पायमोजे हवेतच. मार्चपासून खमासीन नावाचे धुळीचे वारे सुरू होतात. मे ते सप्टेंबर लक्सर चाळिशीच्या वर असतं. त्या दिवसांत हॉटेलं स्वस्त असतात, पण त्या मोहात पडू नका.

दोन गर्दीचे काळ टाळा. नाताळ ते नववर्ष, आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीची तिथल्या शाळांची सुट्टी, कारण तेव्हा अख्खं कैरो लक्सर-आस्वानला उतरतं. रमझानही बघून घ्या. तो दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२७ साली तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होईल. रमझानात स्थळं लवकर बंद होतात, दुपारी उपाहारगृहं ओस असतात, पण रात्री गावाला जी जाग येते ती बघण्यासारखी असते.

सरकारी पेन्शन असेल तर हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो हे विसरू नका. केंद्राच्या पेन्शनरांना वयाची ऐंशी उलटली असेल तर १ ऑक्टोबरपासून देता येतो. मोबाइलवर चेहरा दाखवून 'जीवन प्रमाण' करायची सोय आहे, ते काम उरकूनच विमानात बसा. परदेशातून आधारचे ओटीपी आणि बँकेचे फोन यांच्यामागे धावणं ही सुट्टी नव्हे.

कागदपत्रं आणि पैसे

पर्यटन व्हिसा साधारणपणे एका प्रवेशाचा, ३० दिवसांचा मिळतो. इजिप्त सरकारच्या ई-व्हिसा पोर्टलवर किंवा मुंबईतल्या त्यांच्या वाणिज्य दूतावासात अर्ज करा. नावाशी साधर्म्य असलेल्या खासगी वेबसाइट जास्त पैसे उकळतात, पत्ता नीट बघा. नियम बदलत असतात, म्हणून शेजारच्या कुळकर्ण्यांनी दोन वर्षांपूर्वी काय केलं यावर विसंबू नका. मुंबईहून कैरोला थेट विमान आहे, साधारण सहा तासांचं. हिवाळ्यात आपलं घड्याळ त्यांच्यापेक्षा साडेतीन तास पुढे.

मोठ्या स्थळांवर तिकीट खिडकीवर रोख घेत नाहीत, कार्डच लागतं. निघण्यापूर्वी दोन वेगवेगळ्या बँकांच्या कार्डांवर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्या आणि भारतीय सिमवर रोमिंगमध्ये एसएमएस येतील एवढी तजवीज ठेवा. तिथलं सिम विमानतळावर पासपोर्ट दाखवून लगेच मिळतं. बाकी सगळीकडे मात्र रोकड चालते आणि खरी चणचण सुट्ट्यांची असते. एटीएममधून २०० इजिप्शियन पौंडाच्या नोटा बाहेर पडतात आणि तुम्हाला दिवसभर लागतात १० आणि २० च्या. मोठ्या किराणा दुकानात गेलात की नोट मोडून घ्यायची सवय लावून घ्या.

एक अभ्यास विमानात बसल्या बसल्या करून टाका: अरबी आकडे. किमतीच्या पाट्या, आगगाडीचे डबे, टॅक्सीचे नंबर अनेकदा याच आकड्यांत असतात. वाटोळं गोल म्हणजे पाच, शून्य नव्हे. शून्य म्हणजे नुसतं टिंब. इंग्रजी व्हीसारखा दिसतो तो सात, तोच उलटा केला की आठ. दोन आणि तीन ओळखीचे वाटतात. भाजीवाल्यासमोर हे दहा आकडे वाचता आले की भाव निम्म्याने खाली येतो असं नाही, पण तो सांगताना जरा विचार करतो.

सामानात काय नको

सांधेदुखीवर आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्यांत ट्रामाडॉल असतं. इजिप्तमध्ये त्यावर कडक बंदी आहे आणि असल्या गोळ्या नेल्याबद्दल पर्यटकांना तुरुंगवास झालेला आहे. आपल्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटावरचं बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव वाचा, शंका असेल तर डॉक्टरांकडून पर्याय घ्या. बाकीची औषधं पूर्ण मुदतीची, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, केबिन बॅगेत.

ड्रोन नेऊ नका, विमानतळावरच काढून घेतात. आणि दिवाळीनंतर दुबईमार्गे जाणार असाल तर फराळाच्या डब्यातले अनारसे घरीच संपवा. त्यांच्यावरची खसखस संयुक्त अरब अमिरातीत बेकायदा आहे. प्रेमाने बांधून दिलेला डबा कस्टमला समजावून सांगता येत नाही.

पहिला टप्पा: कैरो, चार-पाच रात्री

सगळे आधी गिझाला धावतात. तुम्ही उलटं करा, आधी सक्कारा. शहराच्या दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटरवर राजा जोसरचा पायऱ्यांचा पिरॅमिड आहे, इमहोतेपने इ.स.पू. २६५० च्या सुमारास रचलेला. दगडात एवढी प्रचंड वास्तू त्याआधी कोणी उभी केली नव्हती. तिथून पुढे दहशूर. तिथे स्नेफ्रू राजाचा वाकडा पिरॅमिड दिसतो: खालचा भाग ५४ अंशांच्या चढाने उभा केला, मध्येच धीर सुटला आणि वरचा भाग ४३ अंशांवर आणला. त्याच राजाने मग शेजारी लाल पिरॅमिड सुरुवातीपासूनच बेताच्या चढाचा बांधला आणि तो सरळ उभा राहिला. त्याच्या मुलाने, खुफूने, गिझाचा. हा क्रम डोळ्यांखालून घातला की गिझाला पोचल्यावर नुसता 'केवढा मोठा!' एवढाच उद्गार निघत नाही, चुकतमाकत शिकणारे गवंडी दिसायला लागतात.

खुफूच्या पिरॅमिडच्या आत जायचं वेगळं तिकीट असतं. कंबर किंवा गुडघे कुरकुरत असतील तर ते वाचवा. कमरेत वाकून चढायची अरुंद वाट, कोंदट हवा आणि शेवटी एक रिकामी ग्रॅनाइटची पेटी. भिंतीवर एक चित्र नाही. ज्यांना दम लागत नाही त्यांनी मधल्या उंच दालनासाठी जरूर जावं. तिथली दगडांची सांधणी बघून आजच्या बिल्डरांची कीव येते.

१ नोव्हेंबर २०२५ रोजी औपचारिक उद्घाटन झालेलं ग्रँड इजिप्शियन म्युझियम पिरॅमिडांच्या जवळच आहे. वेळ ठरवून ऑनलाइन तिकीट आधी काढा. तुतनखामेनच्या थडग्यातल्या ५,००० हून जास्त वस्तू इथे पहिल्यांदाच एकत्र मांडल्या आहेत. त्याला स्वतंत्र दिवस द्या आणि गिझाच्या दिवशी कोंबू नका. राजघराण्यातल्या ममी मात्र इथे नाहीत, त्या २०२१ च्या एप्रिलमध्ये मिरवणुकीने कैरोतल्याच फुस्तात भागातल्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात हलवल्या. उरलेल्या दिवशी जुन्या इस्लामी कैरोतला अल-मुइझ रस्ता संध्याकाळी आणि कॉप्टिक कैरो, म्हणजे ख्रिश्चनांची जुनी वस्ती, सकाळी. शहरात फिरायला उबर बरी, भाव करावा लागत नाही.

दुसरा टप्पा: आस्वान आणि बोट

कैरोहून आस्वानला विमानाने जा. तिथून बोटीने लक्सरला उतरा, म्हणजे प्रवास जिथे संपतो तिथेच तुमचा लांबचा मुक्काम सुरू होतो. लक्सरहून चढणाऱ्या बोटी उलट्या जातात, त्यांत एक रात्र जास्त आणि शेवटी तुम्ही चुकीच्या टोकाला.

अबू सिंबेल, म्हणजे डोंगरात कोरलेली दोन देवळं, आस्वानपासून २८० किलोमीटर. पहाटे निघून दुपारी परतणाऱ्या गाड्या असतात, पण त्या गावातच एक रात्र राहिलात तर सकाळी बसेस पोचण्यापूर्वी दोन्ही देवळं जवळपास तुमची एकट्याची असतात. १९६४ ते १९६८ या काळात धरणाच्या पाण्यातून वाचवण्यासाठी ही देवळं ठोकळे कापून ६५ मीटर वर चढवली. सांधे शोधायला गेलात तर सापडतात, पुतळ्यांच्या गुडघ्यांपाशी बघा. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला सूर्यकिरण थेट गाभाऱ्यात पोचतात. त्या दिवशी गर्दी एवढी असते की दर्शन किरणांचं कमी आणि पुढच्याच्या पाठीचं जास्त.

बोटीचा प्रवास तीन रात्रींचा. कोम ओम्बोचं जोडदेऊळ आणि त्याशेजारचं मगरींच्या ममींचं छोटं संग्रहालय, मग एडफूचं होरसचं देऊळ. एडफूला सगळ्या बोटी एकदमच लागतात आणि घोडागाड्यांची झुंबड उडते. तिथे घोड्यांचे हाल बघवत नाहीत, मोटार मागा.

तिसरा टप्पा: लक्सरचा पश्चिम काठ

पूर्व काठावर शहर, स्टेशन, मोठी हॉटेलं, कर्नाक. पश्चिम काठावर उसाची शेतं, कालवे, गाढवं आणि त्यामागे तो उघडाबोडका गुलाबी डोंगर, ज्याच्या पोटात राजे पुरले आहेत. मधे नाईल, आणि लोकांची साधी फेरीबोट. जागा फेरीच्या धक्क्यापासून चालत जाता येईल अशी बघा, गेझिरा किंवा बैरात भागात. पहिले दोन दिवस हॉटेल घ्या आणि फ्लॅट डोळ्यांनी बघून मगच ठरवा. फोटोत न दिसणाऱ्या तीन गोष्टी तपासा: गच्ची आहे का, गरम पाणी खरंच येतं का, आणि लिफ्ट नसेल तर मजला कितवा. मशिदीचा भोंगा किती जवळ आहे हेही, कारण पहाटेची बांग तुमच्या उशाशीच झाली तर महिनाभर तक्रार नको.

फिरण्याची पद्धत अशी ठेवा: एका सकाळी एकच ठिकाण. राजांची दरी सकाळी सहाला उघडते. पर्यटकांच्या बसेस आठनंतर भरायला लागतात, तेवढ्यात तुमचं निम्मं बघून होतं. साध्या तिकिटात तीन थडगी येतात. तुतनखामेन, सेती पहिला आणि रामसेस सहावा यांची तिकिटं वेगळी. कुठली उघडी ठेवायची हे अधूनमधून बदलतात, पण निवडायला हा आधार घ्या:

रामसेस चौथा: दारातून आत गेलं की रुंद, सौम्य उतार, पायऱ्यांचा जाच कमी. गुडघेवाल्यांनी इथून सुरुवात करावी. रामसेस तिसरा: बाजूच्या छोट्या खोल्यांत स्वयंपाकघर, शस्त्रं, वीणावादक. थुतमोस तिसरा: डोंगराच्या कपारीत उभ्या जिन्याने चढून पुन्हा खोल उतरायचं, सुंदर पण तब्येत असेल तरच. तुतनखामेनचं थडगं छोटं, चित्रं एकाच दालनात. राजाची ममी मात्र अजून तिथेच आहे. पैसे एकाच जादा तिकिटावर घालायचे असतील तर मी रामसेस सहावा सुचवेन. छतावर नूत देवी आडवी पसरली आहे, संध्याकाळी सूर्य गिळते आणि सकाळी त्याला जन्म देते. भिंतींवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक पर्यटकांनी कोरलेली शेकडो नावं आहेत. सिंहगडावर बदाम कोरणाऱ्यांची परंपरा जुनी म्हणायची. सेतीचं तिकीट सर्वांत महाग आणि कोरीवकाम सर्वांत देखणं, पण उतरण फार खोल.

बसेसचे लोक ज्यांना वगळतात ती ठिकाणं तुमच्या महिन्याची खरी कमाई. यातल्या बऱ्याच जागांची तिकिटं जागेवर मिळत नाहीत, मेमनॉनच्या पुतळ्यांजवळच्या तिकीट कार्यालयात आधी घ्यावी लागतात. पहिलं ठिकाण मेदिनेत हाबू, रामसेस तिसऱ्याचं देऊळ. इथली अक्षरं एवढी खोल कोरली आहेत की तळहात आत जातो. पुढच्या राजाने पुसून आपलं नाव घालू नये हा हेतू असावा. मागच्या चौकात मान वर केली तर छताचा निळा-लाल रंग तसाच आहे. एका भिंतीवर युद्धात तोडलेल्या शत्रूंच्या हातांचे ढीग आणि ते मोजणारे कारकून.

त्याच राजाच्या कारकिर्दीत, २९ व्या वर्षी, राजांची थडगी कोरणाऱ्या, दैर अल-मदिना वस्तीतल्या कारागिरांचं पगाराचं धान्य थकलं आणि त्यांनी हत्यारं खाली ठेवून देवळांपुढे ठिय्या दिला. लेखी नोंद असलेला हा जगातला पहिला संप मानतात. गिरणगावातल्या कुणाला तरी सोबत न्या, त्याला समजावून सांगावं लागणार नाही. त्या कारागिरांच्या वस्तीचे पाये आजही घराघराने मोजता येतात. वर डोंगरात सेन्नेजेम नावाच्या कारागिराचं थडगं आहे: जेमतेम वाकून आत जायचं, आणि एकदम पिवळीधमक खोली, त्यात तो आणि त्याची बायको परलोकात शेत नांगरताहेत. दिवसभर राजासाठी राबून उरलेल्या वेळात स्वतःसाठी केलेलं काम. माझ्या मते अख्ख्या लक्सरमध्ये यापेक्षा जिवंत चित्रं नाहीत.

पूर्व काठासाठी दोन-तीन दिवस वेगळे. कर्नाकच्या १३४ खांबांत पहाटे जा, लक्सर देवळात सूर्यास्ताला. त्या देवळात अबू हग्गाग मशीद आहे आणि तिचं जुनं दार हवेत, काही मीटर उंच लटकलेलं दिसतं. देऊळ वाळूत गाडलेलं असताना जमीन तिथे होती.

एक दिवस गाडी करून देंदेराला हाथोर देवीच्या देवळात जा, धुराची काजळी साफ केल्यावर छताचा निळा रंग उजळून निघाला आहे. वाटेत क़िफ्त नावाचं धुळकट गाव लागतं. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याकडे जाणारा माल नाईलमधून इथे उतरवून उंटांवरून तांबड्या समुद्राच्या बंदरांत न्यायचे आणि आपल्याकडची मिरी-कापड याच वाटेने यायचं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठण आणि तेरही आहेत. क़िफ्तला बघण्यासारखं विशेष काही नाही. ड्रायव्हर थांबायला तयार होणार नाही. चहा प्यायचा आहे म्हणा.

फुग्यातून सूर्योदय बघायचा असेल तर मुक्कामाच्या सुरुवातीलाच नाव द्या. वारा असला की उड्डाण रद्द होतं, मग पुढचे दिवस हाताशी राहतात. २०१३ साली इथेच एका फुग्याला आग लागून १९ जण गेले, त्यानंतर नियम कडक झाले. टोपलीत पाय टाकून चढावं लागतं आणि उतरताना वाकून बसावं लागतं. मणक्याचं दुखणं असेल तर गच्चीवरूनच बघा, रोज सकाळी डझनावारी फुगे दिसतात.

जेवण

शाकाहाऱ्याची उपासमार होत नाही, पण मागायचं कसं ते कळायला हवं. 'मांस नको' म्हटलं तर मटणाच्या रश्श्यातली भाजी येते. त्याऐवजी 'सियामी' म्हणा. कॉप्टिक ख्रिश्चनांच्या उपवासाचं जेवण, त्यात मांस, अंडी, दूध काही नसतं. फक्त मासे चालत नाहीत एवढं बजावा, काही उपवासांत ते खातात. कोशारी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर टोमॅटोचा आंबट रस आणि कुरकुरीत कांदा. ताअमिया हे बाकल्याच्या बियांचे वडे, सकाळी गाडीवर गरम मिळतात. फूल म्हणजे त्याच बियांची घट्ट उसळ, जिरं-लिंबू-तेल घालून. मुलुखिया दिसायला पालेभाजी असली तरी बहुधा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात.

घरी स्वयंपाक करणार असाल तर भेंडी, वांगी, मसूर, तांदूळ, जिरं, मिरच्या सगळं मिळतं. तूरडाळ, हिंग आणि गोडा मसाला इथून न्या. पाणी बाटलीचंच.

माणसं आणि भाव

लक्सरमध्ये तुम्हाला दर दहा पावलांवर टॅक्सी, होडी, घोडागाडी आणि अलाबास्टर दगडाच्या वस्तू विचारतील. 'ला, शुक्रन' (नको, धन्यवाद) म्हणायचं, न थांबता. एकदा थांबलात की संभाषण सुरू, आणि भारतीय आहात हे कळलं की अमिताभ बच्चनचं नाव निघतंच. प्रेम खरं असतं, भाव मात्र त्यामुळे उतरत नाही. कुठल्याही वाहनात बसण्यापूर्वी पूर्ण रक्कम, पौंडांत, दोघांची मिळून, जाऊन-येऊन, असं चारही बाजूंनी ठरवून घ्या. थडग्यातला पहारेकरी हळूच एखादं कोपऱ्यातलं चित्र टॉर्चने दाखवतो, त्याला १०-२० पौंड द्यायला हरकत नाही. दोरी ओलांडून आत नेतो म्हणाला तर नको म्हणा. आठवडाभराने हा त्रास आपोआप कमी होतो, तुम्ही गावाचे झालेले असता.

दुखलंखुपलं तर

प्रवास विमा आधीच्या आजारांसकट कव्हर करणारा घ्या, तिथे काटकसर नको. साध्या दुखण्याला लक्सरमध्ये डॉक्टर आणि औषधांची दुकानं भरपूर, हृदयाचं गंभीर काही झालं तर कैरो गाठावं लागतं. रुग्णवाहिका १२३, पर्यटक पोलीस १२६. थडग्यांतली धूळ दम्याला चांगली नाही, मास्क खिशात ठेवा.

महिन्यापेक्षा जास्त राहायचं असेल तर

व्हिसाची मुदत लक्सरच्या पासपोर्ट कार्यालयात वाढवून मिळू शकते. मुदत संपायच्या आठवडाभर आधी सकाळी लवकर जा, पासपोर्टच्या आणि प्रवेशशिक्क्याच्या झेरॉक्स, फोटो आणि राहत्या जागेचा भाडेकरार घेऊन. शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. दुसऱ्या फेरीची तयारी ठेवूनच जा. घर विकत घ्यायचा प्रस्ताव तुमच्यासमोर नक्की येईल, नदीकाठची गच्ची दाखवून. पश्चिम काठावर जमिनीच्या मालकीचे कागद बरेचदा गुंतागुंतीचे असतात. दोन हिवाळे भाड्याने राहून, स्वतंत्र वकील गाठून मगच त्यावर विचार करा, आणि उन्हाळ्यात एकदा पंधरा दिवस राहून बघितल्याशिवाय तर मुळीच नको. जूनमधलं लक्सर हे वेगळंच गाव असतं.